शब्दचर्चा : अध्यादेश, अधिसूचना, मनाई आदेश – कोणता कागद कुठे शोधायचा?

नौपाडाकर
सोसायटीच्या ग्रुपवर मजकूर फिरतोय, ‘ठाण्यात जमावबंदीचा अध्यादेश लागू’. मंडळाची मिरवणूक जवळ आली आहे, म्हणून मूळ कागदच वाचावा म्हटलं. राजपत्रात ‘अध्यादेश’ शोधला, काही मिळालं नाही. नेमका शब्द कोणता? आणि ‘वटहुकूम’ म्हणजे काही वेगळं का?

वाशीकर
दादा, शब्द चुकलाय म्हणून जागाही चुकली. अध्यादेश आणि वटहुकूम एकच. विधिमंडळाचं अधिवेशन चालू नसताना राज्यपाल संविधानाच्या अनुच्छेद २१३ खाली काढतात तो. केंद्रात राष्ट्रपती, अनुच्छेद १२३ खाली. पोलीस आयुक्तांना अध्यादेश काढताच येत नाही.

तुम्हाला हवाय तो ‘मनाई आदेश’. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ चं कलम ३७ काढा. पोटकलम (१) शस्त्रं, लाठ्याकाठ्या वगैरे बाळगण्याबद्दल आहे, पोटकलम (३) जमाव आणि मिरवणुकीबद्दल. (३) खालची बंदी राज्य शासनाच्या मंजुरीशिवाय पंधरा दिवसांपलीकडे चालत नाही, तेव्हा आधी आदेशावरची तारीख बघा. मग कोणाला वगळलंय तो भाग वाचा. परवानगी घेतलेल्या मिरवणुका बऱ्याचदा तिथे असतात. हा आदेश पोलीस आयुक्तालयाकडे मागा. अधिनियम ‘इंडिया कोड’ या सरकारी संकेतस्थळावर मिळेल. जुन्या पुस्तकात त्याचं नाव ‘मुंबई पोलीस अधिनियम’ असेल. वर्ष तेच, १९५१.

घणसोली
पण आम्ही तर कायम ‘१४४ लागलं’ असंच म्हणत आलो.

वाशीकर
ते वेगळ्या कायद्यातलं कलम, फौजदारी प्रक्रिया संहिता, १९७३ मधलं. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आणि जुनं १४४ तिथे १६३ झालं. नव्या संहितेत कलम १४४ उघडाल तर पत्नी, मुलं आणि आईवडील यांच्या पोटगीचं कलम निघेल! तरी ‘१४४’ अजून तोंडात बसलंय. ‘नागरिक सुरक्षा’ या नावामुळेही घोटाळा होतो. ती संहिता पोलीस तपास, अटक, जामीन, खटला यांच्या पद्धतीबद्दल आहे, नावावरून वाटतं तशी नागरी संरक्षण दलाबद्दल नाही. आणि संचारबंदी म्हणजे घराबाहेर पडण्यावरच बंदी. जमावबंदीच्या जागी तो शब्द वापरला की लोक विनाकारण घाबरतात.

कोपरखैरणे
अधिसूचनेचंही, म्हणजे शासनाने राजपत्रात अधिकृतपणे दिलेल्या सूचनेचंही, असंच होतं. २७ जानेवारी २०२४ ला मराठा आंदोलक इथे वाशीत होते, तेव्हा सगळीकडे ‘अध्यादेश निघाला’ म्हणून गुलाल उधळला गेला. हातात आलेला कागद मात्र जातप्रमाणपत्राच्या नियमांतल्या बदलाच्या अधिसूचनेचा मसुदा होता, १६ फेब्रुवारीपर्यंत हरकती आणि सूचना मागवणारा. मसुद्यावर हरकत घेता येते, अध्यादेश तत्काळ लागू होतो. एवढ्या मोठ्या प्रश्नावर लाखो लोक जमलेले असताना हा फरक कोणीतरी माईकवरून सांगायला हवा होता, असं मला मनापासून वाटतं.

नौपाडाकर
आदेश मिळाला, तारीख चालू आहे. परवानगीचा अर्ज देतोय. एक विचारतो : कायदा लोकांना वाचायलाच मिळाला नाही, तरी तो लागू होतो का?

पाचपाखाडी
काका, यावर सर्वोच्च न्यायालयाचा १९५१ चा निकाल आहे, हरला विरुद्ध राजस्थान राज्य. जयपूर संस्थानात १९२३ मध्ये मंत्रिमंडळाने ठराव करून अफूचा कायदा केला, पण तो कधी जाहीरच केला नाही. त्याखाली एका माणसाला पन्नास रुपये दंड झाला. न्यायमूर्ती विवियन बोस यांच्या निकालाने ती शिक्षा रद्द झाली : लोकांना कळेल अशा रीतीने प्रसिद्ध न केलेल्या कायद्याखाली कोणाला शिक्षा करणं नैसर्गिक न्यायाला धरून नाही. शासकीय मराठीत ‘प्रसिद्ध करणे’ आणि ‘प्रख्यापित करणे’ (अधिकृतपणे जारी करणे) असे शब्द येतात. ‘प्रख्यापित’ अध्यादेशाच्या संदर्भात हमखास दिसेल. ‘प्रसिद्ध’ म्हणजे इथे नामवंत नव्हे, लोकांपुढे ठेवलेला.

घणसोली
मग सीबीआयचा कायदा कुठे बघायचा? त्या नावाने शोधला, मिळत नाही.

पाचपाखाडी
त्या नावाचा अधिनियमच नाही. सीबीआय चालते ती दिल्ली विशेष पोलीस आस्थापना अधिनियम, १९४६ खाली; तो शोधा. सीमा सुरक्षा दलाचा १९६८ चा अधिनियम नावानिशी मिळतो. गुप्तचर विभागाला, म्हणजे आयबीला, स्वतःचा अधिनियम नाही, तेव्हा तो शोधण्यात वेळ घालवू नका. आपल्या जिल्हा न्यायालयासाठी १८६९ चा दिवाणी न्यायालये अधिनियम बघा. त्याच्याही नावात आधी ‘मुंबई’ होतं, आता ‘महाराष्ट्र’ आहे.

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ चं कलम ४ सांगतं की आपण ज्या नियम, सूचना, नियमपुस्तिकांवर काम करतो, त्यांची माहिती प्रत्येक कार्यालयाने आपणहून प्रसिद्ध करावी. कलम २४ ने दुसऱ्या अनुसूचीतल्या सुरक्षा संस्थांना या अधिनियमातून वगळलंय, पण भ्रष्टाचार आणि मानवी हक्कांच्या उल्लंघनाच्या आरोपांबाबतच्या माहितीला ही सूट लागू नाही; हा अपवाद सांगणारा भाग म्हणजे ‘परंतुक’. तशी माहिती हवी असेल तर अर्जात ‘कलम २४ च्या परंतुकानुसार’ हे शब्द स्पष्ट लिहा.