टोमॅटोची फुलं गळतायत, शेडनेट (सावलीची जाळी) किती टक्क्याची घेऊ? मदत हवी आहे

मंडळी, जरा मार्गदर्शन करा. गच्चीत कुंड्यांमध्ये टोमॅटो, मिरची, वांगी बरीच वर्षं लावतेय, पण हल्ली माझं जुनं वेळापत्रक चालेनासंच झालंय, ऊन लवकर तापतं आणि मधेच अवकाळी पाऊस झोडपून जातो. टोमॅटोला फुलं भरपूर येतात पण देठाच्या गाठीपाशी पिवळी पडून टपाटप गळतात, रोज सकाळी झाडताना सुपलीत गोळा होतात, जीव तुटतो अगदी.

दिवसा ३२-३५ अंशांच्या वर गेलं आणि रात्रीही २१-२४ च्या खाली उतरलं नाही की परागकण निकामी होतात म्हणे, म्हणजे खतपाणी कितीही करा फळ धरणार नाही. आणि मी वेडी खत वाढवत बसले, नत्र जास्त झालं, नुसता पाला माजला!

काळ्या प्लॅस्टिकच्या कुंडीला दुपारी हात लावला तर चटका बसायचा, म्हणून बाहेरून पांढरा रंग दिला आणि वर दोन-तीन इंच वाळक्या पानांचं आच्छादन घातलं, आता माती संध्याकाळपर्यंत ओलसर राहते. फुलगळ मात्र तशीच.

आता शेडनेट ३५ टक्के ऊन अडवणारी घेऊ की ५०? ५० ने फळभाज्यांना ऊन कमी पडेल का? ती कायम ठेवायची की फक्त दुपारी ओढायची? रोपं महिनाभर आधी तयार केली तर फरक पडतो का, कोणी करून बघितलंय? चेरी टोमॅटो उन्हात जास्त तग धरतो का?

प्लीज नुसतं 'पाणी वाढवा' नका सांगू, त्या नादात एक वांगं मुळं कुजून गेलंय.