13 पैकी 13 सामने जिंकूनही पाचवा क्रमांक: फ्लोरिडा स्टेटवर अन्याय झाला, की समितीचं बरोबर होतं?

टॅलहॅसीकर

कॉलेज फुटबॉलचा प्लेऑफ आता 12 संघांचा झालाय, तेव्हा 2023 चा वाद कशाला उकरायचा, असं परवा एका मित्राने ऐकवलं. मला हे पटत नाही. ज्या विचाराने तेव्हा निकाल लागला, त्याच विचाराने समिती आजही रँकिंग लावते.

हा खेळ न पाहणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. (आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे, अमेरिकन फुटबॉल.) वरच्या श्रेणीत 130 च्या वर कॉलेज संघ आहेत. प्रत्येकाचे हंगामात 12 सामने, तेही बहुतेक आपापल्या कॉन्फरन्समधल्या (म्हणजे विद्यापीठांच्या गटातल्या) संघांशी. एवढ्या पसाऱ्यातून 13 जणांची समिती 25 संघांचं रँकिंग लावते. 2014 ते 2023 च्या हंगामांत त्यातल्या पहिल्या चारांनाच प्लेऑफ मिळायचा.

2023 च्या शेवटच्या आठवड्याआधी फ्लोरिडा स्टेट चौथ्या क्रमांकावर होती. 2 डिसेंबरला लुईव्हिलला 16-6 ने हरवून तिने एसीसी या आपल्या कॉन्फरन्सचं विजेतेपद मिळवलं. 13 सामने, 13 विजय. त्याच दिवशी आठव्या क्रमांकाच्या अलाबामाने जॉर्जियाला 27-24 ने हरवलं. रविवारी यादी आली: मिशिगन, वॉशिंग्टन, टेक्सस, अलाबामा. फ्लोरिडा स्टेट पाचवी. मोठ्या पाच कॉन्फरन्सपैकी एकीचा अपराजित विजेता प्लेऑफबाहेर राहिला, असं त्या पद्धतीत आधी कधीच घडलं नव्हतं.

कारण काय, तर क्वार्टरबॅक (चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू) जॉर्डन ट्रॅव्हिसचा पाय. 18 नोव्हेंबरला नॉर्थ अलाबामाविरुद्ध तो जायबंदी झाला. त्यानंतरचे दोन्ही सामने संघाने त्याच्याशिवाय जिंकले, पण समितीचे अध्यक्ष बू कॉरिगन यांनी सांगितलं की हा आता वेगळा संघ आहे. पाय आधीच मोडला असता तर बरं झालं असतं, हा संघ माझ्यापेक्षा किती मोठा आहे हे तरी तुम्हाला दिसलं असतं, अशा अर्थाचं ट्रॅव्हिसने त्या दिवशी लिहिलं. जिंकत आलेल्या मुलावर ही वेळ आणली, याचा मला आजही संताप येतो.

माझं म्हणणं सरळ आहे. पुढे हराल या अंदाजावरून संघाला शिक्षा द्यायची नाही. मैदानावर जे झालं तेवढंच मोजायचं.

बर्मिंगहॅमकर

असहमत. समितीने नियम मोडला नाही, पाळला. महत्त्वाचे खेळाडू वा प्रशिक्षक उपलब्ध नसतील आणि त्याचा पुढच्या कामगिरीवर परिणाम होण्याची शक्यता असेल, तर ते विचारात घ्यावं, असं समितीच्या कार्यपद्धतीत आधीपासून लिहिलेलं होतं. ते ऐन वेळी घुसडलेलं नाही.

लुईव्हिलविरुद्धचा सामना मी पूर्ण पाहिला. ब्रॉक ग्लेन हा पहिल्या वर्षाचा मुलगा, मूळचा तिसरा पर्याय. 21 पैकी 8 पास पूर्ण, एकूण 55 यार्ड. त्या पोराला मी दोष देत नाही, पण हाच संघ पुढे मिशिगनसमोर उभा राहणार होता. आमच्या अलाबामाने काय केलं? सलग 29 सामने जिंकलेल्या जॉर्जियाला हरवलं. त्या वर्षी याहून मोठा विजय कोणाचा होता, ते सांगा.

आणि ऑरेंज बोलचं (हंगामानंतरच्या मानाच्या सामन्याचं) काय? जॉर्जिया 63, फ्लोरिडा स्टेट 3. बोल सामन्यांच्या इतिहासातला सर्वांत मोठा फरक आहे हा.

टॅलहॅसीकर

ऑरेंज बोलचा दाखला देऊ नका. तो निकाल यादी लागल्यानंतरचा आहे. प्लेऑफ हातचा गेल्यावर जेरेड व्हर्स, कीऑन कोलमन, ट्रे बेन्सन यांच्यासारखे एनएफएलच्या (व्यावसायिक लीगच्या) वाटेवरचे खेळाडू उतरलेच नाहीत. ज्या संघाला वगळलं तो मैदानात आलाच नव्हता.

ग्लेन का खेळला, हेही सांगायला हवं होतं. दुसरा क्वार्टरबॅक टेट रोडमेकर याच्या डोक्याला आधीच्या आठवड्यात फ्लोरिडाविरुद्ध मार बसला होता. प्लेऑफ 1 जानेवारीला, म्हणजे त्याला बरं व्हायला महिना होता. समितीने तेही धरलं नाही. आणि 55 यार्ड मोजताना लुईव्हिलला फक्त 6 गुण करू देणारा डिफेन्स कुठे गेला?

आता तुमच्या अलाबामाचं बघू. जॉर्जियाला हरवण्याच्या आदल्याच आठवड्यात ऑबर्नविरुद्ध मिनिटापेक्षा कमी वेळ उरलेला, संघ मागे, चौथा डाउन (म्हणजे शेवटचा प्रयत्न) आणि एंड झोन (गुण मिळवायची पट्टी) 31 यार्डांवर. जेलन मिल्रोने चेंडू डाव्या कोपऱ्यात फेकला, आयझेया बाँडने तो झेलला आणि 27-24 ने सुटका झाली. हेच ऑबर्न त्याच्या आधीच्या आठवड्यात घरच्या मैदानावर न्यू मेक्सिको स्टेटकडून 31-10 ने हरलं होतं. बाँडचा तो झेल सुटला असता, तर हा धागाच निघाला नसता.

पुण्याचा_नवखा

मला या खेळातलं फार कळत नाही, मुलगा तिकडे शिकतो म्हणून पाहायला लागलो. पण एक विचारतो. आयपीएलच्या गुणतक्त्यात मुंबई पहिली आली आणि शेवटच्या साखळी सामन्यात बुमराह जखमी झाला, तर मुंबईला बाहेर काढून पाचव्या संघाला आत घेतील का? नाही ना? मग इथे हे कसं चालतं?

कोलंबसवासी

नवखा, आयपीएलमध्ये 10 संघ आणि सगळ्यांना एकच गुणतक्ता. इथे 130 संघ आणि प्रत्येकाला जेमतेम डझनभर सामने. 12-0 (12 विजय, 0 पराभव) असलेल्या दोन संघांनी आख्ख्या हंगामात एकमेकांचं तोंडही पाहिलेलं नसतं. एकाने सहा तगडे प्रतिस्पर्धी झेललेले असतात, दुसऱ्याने एकच. निव्वळ विजय मोजून रँकिंग लागतच नाही, कोणीतरी डोकं लावावंच लागतं.

मी ओहायो स्टेटचा, त्यामुळे हा प्रसंग आम्ही जगलोय. 2014 मध्ये ब्रॅक्स्टन मिलर हंगामाआधीच बाहेर, मग मिशिगनविरुद्ध जे. टी. बॅरेटचा घोटा मोडला. तिसरा क्वार्टरबॅक कार्डेल जोन्स आमच्या बिग टेन कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात उतरला आणि आम्ही विस्कॉन्सिनला 59-0 ने धुतलं. समितीने आम्हाला चौथं ठेवलं. पुढे अलाबामाला 42-35 आणि ओरेगनला 42-20 ने हरवून आम्ही विजेते झालो. दुखापत झाली म्हणून समितीने आम्हाला काढलं नाही, कारण नव्या पोराने एका सामन्यात सगळ्या शंका मिटवल्या. फ्लोरिडा स्टेटलाही तीच संधी होती. तिने 16-6 दाखवलं.

टॅलहॅसीकर

म्हणजे जिंकणं पुरेसं नाही, 59-0 ने जिंकायला हवं? मग किती गुणांनी जिंकलं की पास, हे हंगामाआधी छापून द्या. त्याच 2014 मध्ये टीसीयू तिसरी होती. शेवटचा सामना तिने 55-3 ने जिंकला आणि ती सहावी झाली. तिने तरी अजून काय दाखवायचं होतं?

अथेन्सवाली_मृणाल

जॉर्जियाच्या बाजूने कोणी बोलत नाही, म्हणून लिहिते. आम्ही 12-0 होतो, पहिल्या क्रमांकावर. एक सामना 3 गुणांनी हरलो आणि थेट सहावे. 2022 मध्ये टीसीयू कॉन्फरन्सचा अंतिम सामना हरूनही तिसरी राहिली होती. (त्या टीसीयूला आम्ही अंतिम सामन्यात 65-7 ने हरवलं.)

बर्मिंगहॅमकर, माझा मुद्दा तुमच्यासाठी आहे. सर्वोत्तम चार संघ निवडायचे, तर 2023 च्या जॉर्जियाला त्यात घ्यायलाच हवं होतं. पण आम्हाला सांगितलं, तुम्ही हरलात, विजेतेपद नाही. बरं, मान्य. मग विजेतेपद आणि निकाल हीच कसोटी असेल, तर फ्लोरिडा स्टेट आत हवी होती. तिला सांगितलं, तुम्ही जिंकलात, पण सर्वोत्तम नाही. एकाच दुपारी आम्हाला एक माप आणि त्यांना दुसरं. दोन्ही मापांत बसणारा चौथा संघ नेमका आमच्या एसईसी कॉन्फरन्सचा, अलाबामा निघाला. मी एसईसीवालीच आहे, तरी हे मला खटकतं.

बर्मिंगहॅमकर

मृणालताई, माप एकच होतं. सप्टेंबरमध्ये टेक्ससने टस्कलूसाला येऊन आम्हाला 34-24 ने हरवलं, म्हणून टेक्सस आमच्या वर. आम्ही तुम्हाला हरवलं, म्हणून आम्ही तुमच्या वर. समोरासमोरचा निकाल सगळ्यांत आधी, यात दुटप्पीपणा कुठे आहे? फ्लोरिडा स्टेट या साखळीत नव्हती, त्यामुळे तिचं मोजमाप सामन्यांच्या कठीणपणावरून आणि सध्याच्या ताकदीवरून झालं. आणि रोझ बोलमध्ये (प्लेऑफच्या उपांत्य सामन्यात) मिशिगनला ओव्हरटाइमपर्यंत आम्हीच खेचलं. 27-20 ने हरलो, पण त्याच मिशिगनने पुढे वॉशिंग्टनला 34-13 ने सहज हरवलं. चौथा संघ बरोबर निवडला होता, हे त्या रात्री सिद्ध झालं.

टॅलहॅसीकर

साखळीच बघायची, तर एलएसयू बघा. ती दोघांनाही भेटली. आम्ही 45-24 ने जिंकलो, तुम्ही 42-28 ने. जेडन डॅनियल्स, त्या वर्षीचा हाइजमन (सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा पुरस्कार) विजेता, आमच्यासमोर 24 वर थांबला. समान प्रतिस्पर्ध्याविरुद्धचा निकाल हाही समितीच्याच निकषांत आहे. आणि पत्रकारांच्या एपी पोलमध्ये त्याच रविवारी फ्लोरिडा स्टेट चौथी आणि अलाबामा पाचवी होती. सामने त्यांनीही तेच पाहिले होते.

ऑस्टिनची_सई

मी टेक्ससची, आमचं 2023 मध्ये भलं झालं, तरीही मी टॅलहॅसीकरांच्या बाजूने आहे. सर्वोत्तम कोण हे खोलीत बसून ओळखता येतं, यावरच माझा विश्वास नाही.

2024 घ्या. पहिला 12 संघांचा प्लेऑफ. पहिल्या चार मानांकितांना थेट उपांत्यपूर्व फेरी मिळाली आणि चौघेही तिथेच हरले. ओहायो स्टेट, आठवं मानांकन, टेनेसी, ओरेगन, आम्ही आणि नोत्र दाम यांना हरवून विजेती झाली. 2025 मध्ये मायामी दहावी म्हणून आली आणि इंडियानाविरुद्ध अंतिम सामन्यापर्यंत गेली, 27-21 ने हरली. ही तीच मायामी, जिने पहिल्याच आठवड्यात नोत्र दामला 27-24 ने हरवलं होतं आणि तरी समिती आठवड्यामागून आठवडे तिला नोत्र दामच्या खाली ठेवत होती. शेवटच्या रविवारी, दोघींपैकी कोणीही त्या आठवड्यात खेळलेलं नसताना, क्रम उलटला. अंदाजाचा भरवसा एवढाच असेल, तर त्यावर कोणाचा आख्खा हंगाम टांगू नये.

कोलंबसवासी

सई, तुमचीच उदाहरणं माझ्या बाजूला येतात. 2024 मध्ये आम्ही घरच्या मैदानावर मिशिगनकडून 13-10 ने हरलो होतो, नावावर दोन पराभव होते. निव्वळ रेकॉर्डवर लावलं असतं, तर त्या आठवड्यात 11-1 असलेल्या इंडियाना आणि एसएमयूच्या खाली गेलो असतो. समितीने आम्हाला वर ठेवलं. इंडियाना नोत्र दामकडून 27-17 ने, एसएमयू पेन स्टेटकडून 38-10 ने हरली आणि आम्ही विजेते झालो. समितीची नजर तेव्हा बरोबर होती.

आणि फक्त पराभव मोजायचे ठरलं, तर उद्या एकही मोठा संघ बाहेरच्या मोठ्या संघाशी खेळणार नाही. सप्टेंबरमध्ये दुबळे संघ बोलवायचे, 12-0 करायचं आणि प्लेऑफ मागायचा. टेक्ससने टस्कलूसाला जाऊन जे केलं, ते पुन्हा कोण करेल?

टॅलहॅसीकर

दुबळे संघ बोलवणाऱ्यांना खाली ढकला, माझी हरकत नाही. पण आम्ही ते केलं नव्हतं. एलएसयूशी खेळलो, क्लेमसनला त्यांच्याच मैदानावर ओव्हरटाइममध्ये 31-24 ने हरवलं. तरी कॉन्फरन्स कमजोर म्हणून बोट दाखवलं गेलं आणि त्याच महिन्यात विद्यापीठाने एसीसीविरुद्ध दावा दाखल केला.

आमच्या काही पोरांची ती शेवटची वर्षं होती. ती पोरं सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत एकदाही हरली नाहीत. माझी मागणी एवढीच आहे की कार्यपद्धतीतलं ते दुखापतीचं वाक्य काढून टाकावं. प्रतिस्पर्ध्यांची ताकद मोजा, समोरासमोरचे निकाल मोजा, हवा तर गुणांचा फरकही मोजा. कोणाचा पाय मोडलाय ते मात्र मोजू नका. हे वाक्य ठेवायचंच कशासाठी, याचं उत्तर बर्मिंगहॅमकरांनी किंवा कोलंबसवासींनी द्यावं.