दगड आहे, अक्षरं गेली

कोरीव दगड हरवला की त्यावरचा लेखही संपला असं म्हणतात, पण वेल्समधे लँगॉलनजवळच्या एलिसेगच्या खांबाचं उलटंय, खांबाचा तुकडा उभा आहे आणि लेखच पुसलाय. नवव्या शतकात वेल्समधल्या पोविस राज्याचा राजा कंगेन यानं पणजोबा एलिसेगसाठी तो उभारला, त्यावर लॅटिनमधे वंशावळ आणि एलिसेगनं इंग्रजांकडून मुलूख परत घेतल्याचं कोरलेलं. १६९६ मधे एडवर्ड ल्विड या वेल्श अभ्यासकानं लेखाची नक्कल करून घेतली म्हणून हे बरंचसं कळतं तरी! मला सगळ्यात लागतं ते हे, की लेखात म्हटलंय, हा दगड वाचणाऱ्यानं एलिसेगच्या आत्म्यासाठी आशीर्वाद मागावा, आणि आता त्या लेखातलं वाचण्यासारखं अक्षर दगडावर नाही. म्हणून म्हणतो, शिलालेखांच्या जुन्या नकला आधी शोधा.