ट्रॉम्सोचा दहाव्या दिवसाचा अंदाज

उत्तर नॉर्वेतल्या ट्रॉम्सोच्या सहलीसाठी हवामानाच्या अॅपवर दहाव्या दिवशी 'उणे ४, बर्फ' दिसतंय म्हणून तारखा बदलाव्यात, असा सल्ला कुणीतरी दिलाय, तो पटला नाही. पाच-सहा दिवसांपलीकडे एकटा आकडा धरूच नका. युरोपीय हवामान केंद्राचं (ECMWF) संगणकी मॉडेल सुरुवातीच्या नोंदी किंचित बदलून ५० वेळा चालवतात. आलेखावर त्या ५० अंदाजांच्या रेषा एकमेकींना धरून असतील तरच भरवसा ठेवायचा, फाकल्या असतील तर 'उणे ४'ला काही अर्थ नाही.

त्यापेक्षा वाऱ्याची दिशा बघा. आग्नेयेचा, म्हणजे जमिनीवरून आलेला असेल तर आकाश बहुतेक मोकळं, थंडी कडक. नैर्ऋत्येचा आला की भर जानेवारीतही पारा शून्याच्या वर जातो, पाऊस पडतो आणि तुडवलेल्या बर्फावर काचेसारखा थर धरतो. बुटांना स्पाइक्स हवेतच. खरी काळजी उत्तरेच्या वाऱ्याची. गोठलेल्या समुद्रावरची हवा उघड्या, उबदार पाण्यावर आली की 'पोलर लो' तयार होतं. काहीशे किलोमीटरचं हे वादळ जेमतेम एक-दोन दिवस टिकतं, म्हणून आठवडाभर आधी नेमकं सापडत नाही. त्यासाठी नॉर्वेचं आरोम-आर्क्टिक हे अडीच किलोमीटरच्या बारीक जाळीचं हवामान मॉडेल बघा, पण ते ६६ तासांपुरतंच. बुकिंग राहू द्या. ध्रुवीय प्रकाश बघायचा असेल, तर शहरावर ढग असले तरी डोंगरांआडचं शिबोत्न गाव बऱ्याचदा मोकळं मिळतं.