मदत हवी आहे: लस न मिळालेल्या दोन लहान मुलांना घेऊन परदेशी सहलीला जावे का?

(ही चर्चा २०२२ च्या सुरुवातीची आहे; यातले लसीचे, चाचणीचे आणि प्रवासाचे नियम तेव्हाचे आहेत.)

नमस्कार.

आम्ही दोघे आणि आमची दोन मुले, असे चौघे येत्या मार्चमध्ये (२०२२) १४ दिवसांच्या परदेशी सहलीला जाण्याच्या विचारात आहोत, आणि जावे की जाऊ नये यावर गेले तीन आठवडे घरात एकमत होत नाही. आम्हा दोघांच्या लसीच्या दोन्ही मात्रा आणि बूस्टर झालेला आहे. मुलगा सव्वासहा वर्षांचा आहे आणि मुलगी २२ महिन्यांची. दोघांनाही कोविडची लस मिळालेली नाही. ज्यांनी गेल्या सहा महिन्यांत लहान मुलांसह असा प्रवास प्रत्यक्ष केला आहे, त्यांचे अनुभव मला हवे आहेत. कोणत्या देशात जाणार हे मुद्दाम लिहीत नाही, कारण नियम दर पंधरवड्याला बदलत आहेत आणि ते त्या त्या देशाच्या अधिकृत संकेतस्थळावर मला वाचता येतात. जे तिथे वाचायला मिळत नाही, ते विचारण्यासाठी हा चर्चेचा धागा काढला आहे.

थोडी पार्श्वभूमी सांगते. आमची मूळ तिकिटे जानेवारी २०२० मध्ये काढलेली होती, प्रवास ऑक्टोबरात होता, आणि धाकटी तेव्हा पोटात होती. ११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविडला महासाथ म्हटले, पुढे आमचे विमान रद्द झाले आणि विमान कंपनीने पैसे परत करण्याऐवजी व्हाउचर हातात ठेवले. त्याची मुदत दोनदा वाढवून मिळाली. आता ३१ मार्च २०२२ च्या आत प्रवास सुरू केला नाही तर ते बाद होईल. म्हणजे आमची घाई हौसेची नसून त्या कागदाची आहे, हे आधीच कबूल केलेले बरे. कागद वाया जाऊ नये म्हणून मुलांना विमानात बसवायचे, हे कारण रात्री अकरा वाजता जितके पटते तितके सकाळी पटत नाही.

आता लसीविषयी. ५ ते ११ वर्षांच्या मुलांसाठी फायझरच्या लसीला अमेरिकेत २९ ऑक्टोबर २०२१ रोजी आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली. मोठ्यांच्या ३० मायक्रोग्रॅमऐवजी १० मायक्रोग्रॅमची मात्रा, आणि दोन मात्रांमध्ये तीन आठवड्यांचे अंतर. युरोपातही महिन्याभरात तिची शिफारस झाली. आम्ही राहतो तिथे मात्र या वयोगटाचे लसीकरण अद्याप सुरू झालेले नाही. धाकटीच्या बाबतीत तर वाट पाहण्यालाही तारीख नाही, कारण ३ मायक्रोग्रॅमच्या दोन मात्रांनी २ ते ५ वर्षांच्या मुलांमध्ये अपेक्षेइतकी प्रतिकारशक्ती निर्माण झाली नाही, असे कंपनीनेच १७ डिसेंबर २०२१ रोजी जाहीर केले आणि आता तिथे तिसऱ्या मात्रेची चाचणी होणार आहे. तेव्हा ‘लस झाल्यावर जाऊ’ हे वाक्य मोठ्यासाठी काही महिन्यांचे असले, तरी धाकटीसाठी ते किती लांबेल, हे आज कोणीच सांगू शकत नाही.

आमच्या बालरोगतज्ज्ञांना विचारले. त्यांचे म्हणणे असे की, एरवी निरोगी असलेल्या लहान मुलांमध्ये हा आजार बहुधा सौम्य राहतो, क्वचित एखाद्या मुलाला संसर्गानंतर दोन ते सहा आठवड्यांनी शरीरात सर्वत्र दाह होणारा गंभीर त्रास होऊ शकतो, म्हणून घरी परतल्यावरही ताप, पुरळ, पोटदुखी किंवा लाल डोळे दिसले तर प्रवासाचा उल्लेख करून लगेच दाखवावे. ‘जाऊ नका’ असे ते म्हणाले नाहीत, ‘जा’ असेही म्हणाले नाहीत. त्यांच्या जागी मी असते तरी तेच केले असते.

मला भीती वाटते ती आजारापेक्षा वेगळ्याच गोष्टीची. परतीच्या प्रवासापूर्वी चौघांची चाचणी झाली आणि त्यातला एकच पॉझिटिव्ह निघाला, तर कोण कोणाजवळ थांबणार? मुलगा पॉझिटिव्ह आला तर त्याच्याजवळ आमच्यापैकी एकाला राहावे लागणार हे उघड आहे, पण मग धाकटी कोणाबरोबर, आणि ती अजून रात्री माझ्याशिवाय झोपत नाही याचे काय करायचे? शिवाय ओमायक्रॉन या कोविडच्या नव्या प्रकारात लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतचा काळ सुमारे तीन दिवसांवर आला असला, तरी एका खोलीत राहणाऱ्या चौघांना तो एकाच दिवशी गाठेल असे नाही. एकाचे दहा दिवस संपत येतात तोच दुसरा पॉझिटिव्ह, अशी रांग लागली तर १४ दिवसांची सहल महिन्यावर जाईल. अमेरिकेने २७ डिसेंबर २०२१ रोजी विलगीकरण पाच दिवसांवर आणले खरे, पण त्यापुढचे पाच दिवस मास्क लावायचा आहे, आणि ज्याला मास्क लावता येत नाही त्याला पूर्ण दहा दिवस थांबायचे आहे. मास्क न लावता येणारी व्यक्ती आमच्या घरात एक आहेच.

तिची गंमत पुढे आहे. सहलीच्या नवव्या दिवशी तिला दोन वर्षे पूर्ण होतात. जाताना ती आईच्या मांडीवर बसणारी, चाचणीतून वगळलेली, मास्कची सक्ती नसलेली बालक असेल. येताना तिला स्वतंत्र तिकीट, स्वतंत्र आसन, मास्क आणि चाचणीचा अहवाल, हे सगळे लागेल. आम्ही सराव म्हणून घरी तिला मास्क लावून पाहिला. तो तिने अकरा सेकंद ठेवला, मग काढून डोक्यावर टोपीसारखा घातला आणि टाळ्या वाजवल्या. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या सल्ल्यानुसार पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना मास्कची गरज नाही, पण अनेक विमान कंपन्यांच्या दारात दोन वर्षांचा नियम चालतो, आणि दारातल्या माणसाशी वाद घालून उपयोग नसतो. मुलाला स्वॅबची सवय व्हावी म्हणून कापसाची काडी आणली, तर त्याने आधी कापडी हत्तीच्या सोंडेची चाचणी केली, हत्ती निगेटिव्ह आल्याचे जाहीर केले, आणि स्वतःची पाळी येताच टेबलाखाली जाऊन दोन्ही हातांनी नाक झाकून बसला.

विमानातील हवेविषयी मी पुरेसे वाचले आहे. विमानातला हेपा फिल्टर (हवेतले अतिसूक्ष्म कण गाळणारी जाळी) ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो आणि केबिनमधली हवा दर दोन-तीन मिनिटांनी बदलते, हे मान्य आहे. पण तो फिल्टर विमानतळावरच्या दीड तासाच्या रांगेत नसतो, आणि जेवणाची ताटे आली की सगळी केबिन एकाच वेळी मास्क उतरवते. याबाबत कोणी काही युक्ती केली असल्यास सांगावी.

देशाने प्रवेश दिला म्हणजे प्रश्न सुटला असेही नाही. अमेरिकेत सध्या (२०२२ च्या सुरुवातीस) परदेशी प्रवाशांसाठी लसीची सक्ती असली तरी १८ वर्षांखालील मुलांना तीतून सूट आहे. मात्र न्यूयॉर्क शहरात १४ डिसेंबर २०२१ पासून सध्या ५ ते ११ वर्षांच्या मुलांनाही उपाहारगृहात किंवा संग्रहालयात शिरताना किमान एका मात्रेचा पुरावा मागितला जातो. अशी स्थिती इतरत्रही असेल, तर मुलासह जाऊन तुम्ही प्रत्यक्षात दिवस कसे काढलेत, हे जाणून घ्यायला आवडेल. तसेच तुमच्यापैकी कोणाच्या मुलाची चाचणी परदेशात पॉझिटिव्ह आली होती का, कुटुंब एकत्र ठेवले गेले का, आणि विम्याने नेमका कोणता खर्च दिला, हे कृपया तपशिलाने लिहावे. ‘काही होत नाही, बिनधास्त जा’ आणि ‘अशा काळात मुलांना बाहेर काढणेच चूक’ ही दोन्ही उत्तरे घरातच मिळालेली आहेत.

आगाऊ आभार.

(पुढे सभासदांचे प्रतिसाद, प्रत्येकाच्या टोपणनावाखाली)

खिडकीजवळची सीट

तुम्हाला जी भीती वाटते, ती आमच्या वाट्याला नोव्हेंबरमध्ये आली, म्हणून लिहितो. परतीच्या आदल्या दिवशी आम्हा तिघांचा अहवाल निगेटिव्ह आणि साडेचार वर्षांच्या मुलीचा पॉझिटिव्ह आला, तोही ती पलंगावर उड्या मारत असताना. लहान मुलाला एकटे ठेवत नाहीत, एका पालकाला सोबत राहू देतात. मी मुलीजवळ थांबलो आणि पत्नी मोठ्या मुलाला घेऊन परत गेली.

त्या दिवशी तीन गोष्टी कळल्या. चौघांचे आरक्षण एकाच पीएनआरवर (आरक्षण क्रमांकावर) असले तरी विमान कंपनी ते फोनवर दोन भागांत विभागून देते, फक्त आमचा फोन लागायला तीन तास गेले. विम्याने मुलीची तपासणी आणि डॉक्टरांचा खर्च दिला, पण हॉटेलचे वाढीव दिवस दिले नाहीत, कारण त्यांच्या लेखी मी आजारी नव्हतो आणि ती रुग्णालयात नव्हती. पॉलिसी घेताना ‘विलगीकरणातील निवास’ आणि ‘सोबत थांबणाऱ्या निरोगी पालकाचा खर्च’ हे शब्द शोधा. ‘कोविड समाविष्ट’ एवढ्यावर समाधान मानू नका. तिसरी गोष्ट कोणी सांगत नाही. एकटा पालक मुलाला घेऊन सीमा ओलांडत असेल तर दुसऱ्या पालकाचे संमतिपत्र मागितले जाऊ शकते, आणि ते आमच्याकडे मागितले गेले. निघण्यापूर्वीच दोघांनी एकमेकांच्या नावे असे पत्र सही करून ठेवा आणि मुलांच्या जन्मदाखल्याच्या प्रती दोन्ही पिशव्यांत ठेवा.

आणखी एक सांगतो. बरे झाल्यावर पुन्हा पीसीआर करण्याच्या भानगडीत पडू नका. संसर्ग संपल्यावरही ती चाचणी कित्येक आठवडे, कधी तीन महिन्यांपर्यंत पॉझिटिव्ह येऊ शकते. अमेरिकेच्या सध्याच्या (२०२२ च्या सुरुवातीच्या) नियमात गेल्या ९० दिवसांतला पॉझिटिव्ह अहवाल आणि प्रवासास हरकत नसल्याचे डॉक्टरांचे पत्र चालते. तुमच्या परतीच्या आणि ट्रान्झिटच्या (वाटेत विमान बदलण्याच्या) देशाला ते चालते का, हे आधी पाहा. ट्रान्झिट टाळता आले तर उत्तमच.

जेवणाची युक्ती विचारलीत म्हणून: मुलांना विमान सुटण्यापूर्वी खाऊ घालावे आणि विमानात सगळ्यांची ताटे उचलल्यावर. भुकेच्या रडण्याचे वीस मिनिटे सोसावे लागतात.

रातकिडा

ताई, तुम्ही ‘लस न मिळालेली’ म्हणता तेव्हा फक्त कोविडचा विचार करत आहात. धाकटीचे इतर लसीकरणाचे कार्ड आज उघडून पाहा. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या आकडेवारीनुसार २०२० मध्ये जगभरात २.३ कोटी बालकांच्या नेहमीच्या लसी चुकल्या, आणि त्यातली कित्येक आपल्यासारख्याच घरांतली, दवाखान्यात जायला घाबरलेली असणार. परदेश प्रवासापूर्वी एक वर्षावरील मुलांच्या गोवराच्या दोन मात्रा, किमान २८ दिवसांच्या अंतराने, झालेल्या असाव्यात असे अमेरिकेतील रोग नियंत्रण केंद्र सांगते. गोवर हवेतून कोविडपेक्षाही सहज पसरतो.

दुसरे असे की वाढदिवसाच्या आत परत येता येईल अशा तारखा का घेत नाही? जाता-येता दोन्ही वेळा ती दोन वर्षांखालीच राहील.

धागा काढणारी

दोघांचेही मनापासून आभार.

रातकिडा, कार्ड उघडले. गोवराची दुसरी मात्रा झालेली नाही. ती ज्या महिन्यात द्यायची होती, तेव्हा दवाखाना फक्त तापाच्या रुग्णांसाठी उघडा होता आणि नंतर ती गोष्ट माझ्या डोक्यातूनच गेली. परवाची वेळ मिळाली आहे. तारखा अलीकडे घेण्याचा मुद्दाही चांगला आहे, मात्र त्याने धाकटीची चाचणी आणि तिकीट सुटते, लागण सुटत नाही. तरीही एका अहवालाची टांगती तलवार कमी होते, म्हणून व्हाउचरवर फेब्रुवारीअखेरचे थेट विमान मिळते का, हे विचारले आहे. मिळाले तर दिवस १४ ऐवजी नऊ करू, एकाच गावी स्वयंपाकघर असलेले घर घेऊ, आणि संग्रहालये सोडून देऊन समुद्र आणि डोंगर यांवर भागवू.

खिडकीजवळची सीट, तुमचा प्रतिसाद आम्ही दोघांनी दोनदा वाचला. मुलगा पॉझिटिव्ह आला तर त्याचे बाबा थांबतील आणि मी धाकटीला घेऊन परतेन. धाकटी किंवा दोन्ही मुले पॉझिटिव्ह आली तर चौघे थांबू, असे ठरले. संमतिपत्रांचा मसुदा तयार आहे. काल तीन विमा कंपन्यांना फोन केले. दोघींनी निरोगी पालकाच्या निवासखर्चाला स्पष्ट नकार दिला, तिसरीने ‘प्रकरण पाहून ठरवू’ असे सांगितले, जे नकारापेक्षा वाईट आहे. हा खर्च लेखी देणारी पॉलिसी प्रत्यक्ष वापरलेले कोणी इथे असल्यास तिच्यातील नेमके कलम कसे लिहिलेले आहे, एवढे कृपया उतरवून द्यावे. व्हाउचरची तारीख नक्की करायला माझ्याकडे शुक्रवारपर्यंत वेळ आहे.