एचएमव्ही १०१ पोर्टेबल: आतून धप्प आवाज येतो, घरी दुरुस्त होईल का?

कृष्णाकाठचा
नमस्कार मंडळी, सांगलीच्या घरातून आजोबांचा चावीचा ग्रामोफोन मी पुण्याला आणलाय, एचएमव्ही १०१, काळी पेटी, साउंडबॉक्सवर (पिन बसते तो गोल डबा) नंबर ४ लिहिलंय. चावी भरली जाते, तबकडी फिरते पण अर्ध्या गाण्यातच जड व्हायला लागते आणि मधेच आतून धप्प असा दणका बसतो, पिनसुद्धा उडते कधीकधी. शिवाय आवाज फुटका येतो, बालगंधर्वांची तान वर गेली की नुसती झरझर. एका दुरुस्तीवाल्याने सांगितलं की स्प्रिंग काढून टाका, इलेक्ट्रिक मोटर बसवून देतो. मला ते पटत नाहीये. हिराबाई, मास्टर दीनानाथ अशा बऱ्याच रेकॉर्ड्स आहेत, त्या याच मशीनवर ऐकायच्यात. हत्यारं आहेत, हात बऱ्यापैकी चालतो, कुठून सुरुवात करू?

चावीवाला
मोटर अजिबात बसवू देऊ नका हो! १०१ हे १९२५ ते १९३१ च्या काळातलं मॉडेल, त्यानंतर १०२ आलं, आणि याची यंत्रणा इतकी दणकट आहे की साफ केली तर अजून कित्येक वर्षं चालेल. तुमची स्प्रिंग तुटलेली नाहीये, तुटली असती तर हँडल नुसतंच गरगर फिरलं असतं. आतलं जुनं ग्रीस वाळून डिंकासारखं झालंय, वेढे एकमेकांना चिकटतात आणि मग एकदम सुटतात, तोच तुमचा धप्प.

आता नीट वाचा, कारण इथे इजा होऊ शकते. आधी ब्रेक सोडून मशीन आपोआप थांबेपर्यंत फिरू द्या, चावी पूर्ण उतरली पाहिजे, भरलेल्या चावीवर एकही स्क्रू सोडवायचा नाही. मग तबकडीखालचं ताट सरळ वर उचलून काढा, फळीचे स्क्रू काढा आणि हँडल काढून मोटर फळीसकट बाहेर घ्या. प्रत्येक पायरीला मोबाईलवर फोटो काढत चला, जोडताना तेच कामाला येतात. स्प्रिंग ज्या डब्यात असते तो वेगळा झाला की लक्षात ठेवा, चावी उतरलेली असली तरी डब्यात दाबून बसवलेल्या स्प्रिंगमधे जोर असतोच. जाड हातमोजे आणि गॉगल घाला, डबा गोणपाटाच्या पिशवीत धरा आणि मधल्या टोकाकडून एकेक वेढा बाहेर सोडा, घाई करायची नाही. एकट्याने करू नका, डबा धरायला कोणीतरी हवं.

स्प्रिंग डिझेलमधे धुवा (रॉकेल मिळालं तर उत्तमच), फडक्याने कोरडी पुसा, चीर दिसते का बघा, विशेषतः दोन्ही टोकांच्या भोकांपाशी. मग ग्रॅफाइट ग्रीसचा पातळ हात द्या आणि परत गुंडाळा. गव्हर्नरला (वेग एकसारखा ठेवणारा फिरता भाग) शिलाई मशीनचं तेल थेंबभर, आणि त्याच्या चकतीला जी नमद्याची गादी टेकते तिलाही एक थेंब, ती कोरडी राहिली की स्पीड डगमगतो. खोबरेल तेल मात्र कुठेच नको, थंडीत गोठतं आणि नंतर चिकट होतं, जुन्या मशीन्समधे हे फार बघितलंय.

मालवणी_स्वरा
झरझर आवाजाचं स्प्रिंगशी काही देणंघेणं नाही, ते साउंडबॉक्सचं दुखणं. ४ नंबरमधे अभ्रकाची चकती असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना बारीक रबरी नळीच्या रिंगा. ते रबर इतक्या वर्षांत दगड होतं, चकती मोकळी हलू शकत नाही, मग जोराचा सूर आला की फाटतो. मी सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी वापरते, माप बघून तिरकी कापून टोकाला टोक अगदी भिडलं पाहिजे, फट राहिली की हवा गळते आणि खर्ज जातो. अभ्रकाला कडेने पापुद्रे सुटले नसतील तर तीच चकती ठेवा. मधल्या बारीक स्क्रूवर मधमाशांच्या मेणाचा थेंब असतो तो परत द्यायचा. साउंडबॉक्स जिथे नळीला बसतो तिथलं मागचं रबरही कडक झालं असेल, तेही बदला, बराच फरक पडतो.

आणि दादा, निकेलच्या भागांना पितळ घासायचं पॉलिश लावू नका, वरचा मुलामा निघून जातो. ओलसर मऊ फडकं पुरे.

नाशिकचा_विनू
धाग्यात मधेच विचारतो, सॉरी. माझ्याकडे मोठ्या पितळी भोंग्याचा आहे, एचएमव्हीचा कुत्रा पण आहे त्यावर. त्याला पण हेच करायचं का?

चावीवाला
विनू, फोटो टाका आधी. चकचकीत पितळी भोंगा, नवी लाकडी पेटी आणि वर स्टिकरचा कुत्रा असलेले बरेचसे नग आपल्याकडेच अलीकडे बनवलेले असतात, आतली मोटर कुठल्यातरी जुन्या पोर्टेबलची. शोभेला ठीक, पण जड आर्म (साउंडबॉक्स धरणारी नळी) असतो त्यांचा, चांगली रेकॉर्ड लावू नका.

कृष्णाकाठचा
भावाला घेऊन बसलो आणि झालं!! डब्यात अक्षरशः काळा दगड होता. आता एक गाणं पूर्ण वाजतंय, दणका नाही. साउंडबॉक्स या रविवारी. दोन शंका, स्पीड बरोबर आहे हे कसं कळणार आणि रेकॉर्ड्सवर बुरशी आलीय ती स्पिरिटने पुसू का?

मालवणी_स्वरा
स्पिरिट नको नको!! या रेकॉर्ड्स लाखेच्या, लाख स्पिरिटमधे विरघळते. कोमट पाणी, अगदी थोडा सौम्य साबण, मऊ ब्रश खाचांच्या दिशेने गोल फिरवायचा, लेबलला पाणी लागू द्यायचं नाही आणि लगेच पुसून उभ्या वाळवायच्या. पिन दर बाजूला नवीन. लाखेत दगडाची भुकटी मिसळलेली असते, तिने पिन झिजते आणि तीच झिजलेली पिन परत लावली तर पुढची खाच खरवडते. पिना स्वस्त आहेत, दीनानाथांची रेकॉर्ड परत मिळणार नाही. आणि नंतरच्या व्हिनाइलच्या एलपी यावर चुकूनही नाही.

चावीवाला
स्पीडसाठी ७७ रेघांची स्ट्रोब चकती (स्पीड तपासायची रेघांची गोल कागदी चकती) प्रिंट करा, आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर ७८ च्या स्पीडला (मिनिटाला ७८ फेरे) रेघा स्थिर दिसतात. एलईडी दिव्याखाली बहुतेकदा दिसत नाही, जुनी चोकवाली ट्यूबलाइट लागेल. नसेलच तर रेकॉर्डखाली कागदाची चिठ्ठी अडकवून मिनिटाला फेरे मोजा. दोन्ही वेळा पिन रेकॉर्डवर टेकलेली हवी, रिकामं ताट जोरात फिरतं. रेघा पुढे सरकल्या तर वेग जास्त, मागे सरकल्या तर कमी, स्पीडचा काटा अगदी थोडा थोडा हलवा. आणि वाजवून झालं की चावी उतरवूनच पेटी बंद करत जा.