बी विंग ग्रुप: रोहनच्या बीएमडब्ल्यू झेड४चे टायर

रोहन ३०४: टायरवाल्याने वैताग आणलाय. मागचे दोन गेलेत. २५५ मिमी रुंदीचे त्याच्याकडे नाहीत, म्हणून म्हणतो चारही २२५ टाका, काही फरक पडत नाही. वर रनफ्लॅटचा (पंक्चर झाल्यावरही थोडं अंतर चालणारा टायर) भाव असा की घाम फुटला. जाधवकाका, बघता का जरा?

कुलकर्णी (सचिव): आधी एक नम्र विनंती. जुने टायर जिन्याखाली ठेवू नयेत. पाणी साचतं, डासांच्या अळ्या होतात. मागच्या पावसाळ्यात काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे.

जाधवकाका ७०२: रोहन, १८ इंची रिम ना? पुढे २२५/४०, मागे २५५/३५. पहिला आकडा रुंदी, दुसरा बाजूची उंची, रुंदीच्या टक्क्यांत. टायरची पूर्ण उंची बघ: पुढचा ६३७ मिमी, मागचा ६३६. म्हणून मागे २२५ घातले तरी बसतात, मीटरही बरोबर दाखवतो. टायरवाला त्यावरच बोलतोय. पण तुझ्या गाडीला जोर मागच्या चाकांचा. तिथली पकड कमी केलीस तर ओल्या वळणावर ॲक्सिलरेटर दाबताच शेपटी बाहेर जाईल. मागे २५५च हवेत.

शिंदे ११०२: टायर गोल असला की झालं. बाकी दोन सीटच्या गाडीला पाहुण्यांची जागा लागते, त्यावर कोणी बोलत नाही.

रोहन ३०४: शिंदेकाका, रेषेच्या आतच आहे. खांब १४, फोटो टाकू?

मंजिरी ६०१: पार्किंगचं मीटिंगमध्ये काढा ना. रोहन, पैसे वाचवायची जागा रनफ्लॅट आहे, साइज नाही. साधे टायर स्वस्त पडतात आणि खड्ड्यात कमी आदळतात. पण घालायचे तर चारही साधे. दोन रनफ्लॅट, दोन साधे असं नको, साइडवॉलचा, म्हणजे टायरच्या बाजूचा, कडकपणा वेगळा असतो, गाडी वळणावर विचित्र वागते. आणि या गाडीत स्टेपनी नाही. एअर कॉम्प्रेसर आणि पंक्चर बुजवायचं सीलंट डिकीत हवंच. तेही फक्त तळव्यातल्या खिळ्यापुरतं, बाजू फाटली तर टोइंगच.

कुलकर्णी (सचिव): जुने टायर जिन्याखाली ठेवू नयेत. 🙏

शिंदे ११०२: सेकंडहँड टायर निम्म्या भावात मिळतात.

जाधवकाका ७०२: शिंदेसाहेब, मान राखून सांगतो, या गाडीला ते नकोत. आतून ठिगळ लावलंय की नाही ते रिमवर चढल्यावर दिसत नाही. नवेच घे, पण नावाजलेल्या कंपनीची मधल्या भावाची रेंज चालेल. आयएसआयची खूण बघ. लोड इंडेक्स, म्हणजे वजन पेलायचा आकडा, पुढे ८८, मागे ९०, त्याखाली नको. त्यापुढचं वेगमर्यादेचं अक्षर डब्ल्यू.

मंजिरी ६०१: भाव मागताना वॉल्व्ह, फिटिंग, बॅलन्सिंग, अलाइनमेंट धरूनच माग. नाहीतर स्वस्त टायर बिलावर महाग होतो.

रोहन ३०४: १७ इंची रिम टाकल्या तर?

मंजिरी ६०१: तुझं मॉडेल २३आय आहे, त्याला १७ पण बसतात: पुढे २२५/४५, मागे २५५/४०. उंची जवळपास तीच, रबर जाड, खड्ड्यांना बरं. २२५/४५ आर१७ कुठेही मिळतो. मागचा मात्र शोधावा लागेल, आधी तो हातात येऊ दे, मगच रिम घे. रिम ५×१२० (पाच बोल्ट, १२० मिमी वर्तुळावर), मधलं भोक ७२.६ मिमी, ऑफसेट (रिम किती आत-बाहेर बसते ते) मूळचाच.

शिंदे ११०२: म्हणजे आता गाडीपेक्षा चाकं महाग.

जाधवकाका ७०२: रोहन, पुढचे टायर बाहेरून चांगले दिसतील. चाक पूर्ण वळव, टॉर्च घेऊन आतली कड बघ. ही चाकं वरून किंचित आत झुकलेली असतात, आतली कड आधी झिजते. बाहेर ४ मिमी नक्षी आणि आत रबर झिजून तारा दिसताहेत, असं होतं. १.६ला कायद्याची हद्द, पण पावसात ३च्या खाली गेले की बदल. टायर कधी बनला त्या तारखेचे चार आकडे पण आतल्या बाजूला असू शकतात.

कुलकर्णी (सचिव): माझा मुद्दा कोणी वाचतंय का? जुने टायर जिन्याखाली ठेवू नयेत.

मंजिरी ६०१: वाचतोय हो काका. टायरवाल्यालाच परत द्यायचे. रोहन, चढवताना टायरवर 'आउटसाइड' लिहिलेली बाजू बाहेर आलीय का स्वतः बघ, बोल्ट १२० न्यूटन मीटर टॉर्क रेंचने, नुसत्या गनने नाही. ५० किमीनंतर पुन्हा. हवा थंड टायरमध्ये, दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे. मग टायर प्रेशरची सिस्टिम रीसेट.

रोहन ३०४: खाली जाऊन आलो. पुढचा डावा, आतल्या बाजूला ३४१४.

जाधवकाका ७०२: म्हणजे २०१४चा ३४वा आठवडा. नक्षी कितीही असू दे, रबर कडक झालंय. पुढचे दोन्ही काढ.

कुलकर्णी (सचिव): म्हणजे आता चार टायर.

रोहन ३०४: चारही टायरवाल्याकडेच, काका. जिना मोकळा राहील.